एकेक ग्राही रेणू कसा पाहतात?

पेशीच्या पटलावरील काही प्रथिने बाहेरून आलेला रासायनिक निरोप स्वीकारून आत पोहोचवतात. त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. जिवंत पेशीवरील असा एकेक ग्राही सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा पाहता येतो.

एकेकच का पाहायचा?

एका पेशीवर एकाच प्रकारचे हजारो ग्राही असू शकतात. नेहमीच्या जैवरासायनिक चाचणीत असंख्य पेशी एकत्र तपासल्या जातात आणि हाती येते ती सरासरी. कोणता ग्राही कोणाशी जोडला गेला, आधी काय घडले आणि नंतर काय, हा क्रम तिच्यात दिसत नाही.

पाहण्याची पद्धत

ग्राही जेमतेम 10 नॅनोमीटरचा असतो. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला मात्र सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणून मोजक्याच ग्राहींना चमकणारा रंगरेणू जोडतात. ठिपके दूरदूर राहतात आणि प्रत्येकाची हालचाल टिपता येते. पेशीच्या आतील प्रकाशाचा अडथळा टाळण्यासाठी लेझर किरण काचेवर तिरपा टाकून पूर्णपणे परावर्तित करतात. तेव्हा काचेलगतचा 100 ते 200 नॅनोमीटरचा थरच उजळतो. काचेला चिकटलेले पटल दिसते, आतला भाग अंधारात राहतो.

ठिपका एकाच रंगरेणूचा आहे हे कशावरून? एकटा रंगरेणू हळूहळू मंद होत नाही, तो एकदम विझतो. दोन असतील तर उजेड दोन पायऱ्यांनी उतरतो. जोडी ओळखण्याची खूण हीच.

एक महत्त्वाचा प्रयोग

पेशीला वाढीचा निरोप देणारे ईजीएफ हे प्रथिन ईजीएफआर या ग्राहीला चिकटते. ईजीएफ चिकटलेले दोन ग्राही नंतर एकत्र येतात, असे मानले जाई. 2000 साली जपानमधील यासुशी साको, तोशिओ यानागिदा आणि सहकाऱ्यांनी रंगरेणू जोडलेले ईजीएफ जिवंत पेशींवर पाहिले. त्यांना मुख्य मार्ग वेगळा आढळला: ग्राहींच्या जोडीवर आधी एक ईजीएफ बसते, मग दुसरे थेट तिथेच येऊन चिकटते.

हा क्रम समजणे महत्त्वाचे आहे, कारण काही फुप्फुसांच्या कर्करोगांत बिघडलेला ईजीएफआर सतत वाढीचा निरोप देत राहतो. जेफिटिनिबसारखी औषधे त्यालाच रोखतात.

मर्यादा

बहुतेक रंगरेणू थोड्याच वेळात विझतात, तीव्र लेझरने पेशीला इजा होऊ शकते आणि जोडलेल्या रंगरेणूमुळे ग्राहीचे वागणे बदलू शकते. त्यामुळे रंगरेणू जोडल्यावरही ग्राही नेहमीसारखाच काम करतो ना, हे आधी तपासावे लागते.