देवणीचे शिवार आणि विद्यार्थ्याची वही

निसर्गाचे निरीक्षण करून त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि त्या लेखनाच्या ओघात आपल्यात काय पालटले हेही नोंदवणे, या प्रकारच्या अभ्यासाचा इतिहास लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या कर्नाटक सीमेलगतच्या भागात पाहायचा झाल्यास आरंभ शिक्षणाच्या भाषेपासूनच करावा लागतो. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यात मोडत असे. संस्थानाच्या उच्च शिक्षणाचे माध्यम, 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठामुळे, उर्दू ठरले होते आणि मराठीतून शिकण्याची सोय मुख्यतः हिप्परगा किंवा अंबाजोगाई येथील शाळांसारख्या खासगी प्रयत्नांवर अवलंबून होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत उदगीर तालुका द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पुढे 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि देवणीला स्वतंत्र तालुक्याचा दर्जा त्यानंतर मिळाला. येथील महाविद्यालये आज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. हे विद्यापीठ 1994 चे आहे.

मराठी शाळेबरोबर आला तो निबंध. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘नदीचे आत्मवृत्त’ अशा विषयांवर कल्पनेने लिहिण्याची ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि तिने भाषा घडवली हे मान्य करूनही एक उणीव सांगणे भाग आहे: त्या निबंधातले हिरवे डोंगर आणि खळाळते झरे बहुधा सह्याद्रीकडचे असत, बालाघाटाच्या पठारावरील काळ्या जमिनीचे नसत. निरीक्षणावर उभे राहिलेले निसर्गलेखन मराठीत नव्हते असे नाही. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’, ज्यात मराठी महिन्यांच्या क्रमाने झाडे, फुले आणि आकाश टिपले आहे, ते 1956 चेच. तथापि उत्तरपत्रिकेत गुण मिळत ते ठरावीक वर्णनाला.

वस्तुतः देवणीच्या मुलाला निरीक्षण कोणी शिकवण्याची गरज नव्हती. या गावाच्या नावानेच ओळखली जाणारी देवणी जात, म्हणजे दूध आणि शेतीकाम अशा दुहेरी उपयोगाचा गोवंश, अंगावरील रंगावरून तीन प्रकारांत ओळखली जाते: पांढऱ्या अंगावर काळे अनियमित ठिपके असलेला शेवरा, संपूर्ण पांढरा बालंक्या आणि पांढऱ्या अंगाचा पण तोंडाकडे काळेपणा असलेला वानेरा. गुरे राखणाऱ्या घरातले मूल हा भेद लांबूनच सांगते. तीच गोष्ट मार्गशीर्ष अमावास्येच्या वेळ अमावास्येची, जिला या भागात येळवस म्हणतात. त्या दिवशी कुटुंबे शेतात जातात, ज्वारीच्या कडब्याचा कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभारून तीत पूजा मांडतात आणि अनेक भाज्या व कोवळे दाणे एकत्र शिजवलेली भज्जी ताकातल्या अंबिलीबरोबर खातात. रब्बीचे पीक कोणत्या अवस्थेत आहे, हरभरा घाटे धरू लागला की नाही, तुरीला किती शेंगा लागल्या, याची एक वार्षिक पाहणीच या निमित्ताने होते, फक्त ती कोणी वहीत उतरवीत नाही. पुस्तकी निसर्ग आणि घरचे शिवार यांच्यातील ही फट हाच या इतिहासाचा मुख्य विषय होय.

ती बुजवण्याचा महाराष्ट्रातील एक जुना प्रयोग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) कोसबाड येथे केला. गुरे चारणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच चराईच्या जागी नेणारी त्यांची ‘कुरणशाळा’ परिसरालाच पाठ्यवस्तू मानत होती. साहित्यात मराठवाड्यापुरते हे काम ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ने (1967) केले, कारण राबणाऱ्या माणसाचे रान कवितेत आल्यावर ते वर्गातही येऊ शकत होते.

महाविद्यालयात मात्र हा विषय न्यायालयाच्या वाटेने आला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निर्णयानंतर आणि डिसेंबर 2003 च्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला. त्यात नदी, कुरण, तळे किंवा टेकडी प्रत्यक्ष पाहून अहवाल लिहिण्याला 100 पैकी 25 गुण होते. असे अहवाल पुष्कळदा एकमेकांचे पाहून लिहिले जातात, हे शिक्षणक्षेत्रातील उघड गुपित आहे. तरीही जिथे लेखन खरोखर बांधावर बसून होते, तिथे विद्यार्थ्याची वाढ एका विशिष्ट ठिकाणी दिसते: आधी तो ‘निसर्गरम्य’ असे विशेषण लावून मोकळा होत असतो, पुढे तो आजोबांना गवतांची नावे विचारू लागतो आणि घरात बोलले जाणारे ज्ञान लिहिण्याच्या योग्यतेचे आहे हे त्याला प्रथमच उमगते. त्यासोबत सौंदर्याची कल्पनाही बदलावी लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप सोसलेल्या, आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आणावे लागलेल्या लातूर जिल्ह्यात निसर्गावरचे प्रामाणिक लेखन केवळ रम्य राहू शकत नाही. जैवविविधता कायदा, 2002 खाली गावोगावी समित्यांनी ठेवावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत वनस्पती, पाळीव जाती आणि त्यांविषयीचे लोकज्ञान लिहिणे अपेक्षित आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेमकी हीच सामग्री साठत असते. पण परीक्षा संपली की त्या बहुधा रद्दीत जातात, आणि समितीची नोंदवही कोणीतरी पुन्हा पहिल्या पानापासून भरायला घेते.