मामा तलावाचे कागद

गोंदिया-भंडारा भागातल्या सरकारी कागदांत 'मामा तलाव' असा शब्द भेटतो. नवख्या माणसाला वाटते, कुणा मामाने बांधला असेल. 'माजी मालगुजारी तलाव' याचे ते आखूड रूप आहे, आणि इथल्या गावकागदांचा इतिहास त्यातल्या 'माजी' या शब्दापाशी सुरू होतो.

1853 साली तिसरे रघूजी भोसले वारले आणि नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. पुढच्या जमाबंदीत, गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. तलाव, बोड्या, पडीक, झाडोरा, सगळे त्याचे. पण धान पिकायचे तलावाच्या पाण्यावर, गुरे चरायची पडिकावर आणि चूल पेटायची जंगलातल्या काडीवर. म्हणून पटवाऱ्याच्या खसऱ्यासोबत गावच्या वहिवाटीही लिहून घेतल्या गेल्या. त्या नोंदीचे नाव वाजिब-उल-अर्ज.

31 मार्च 1951 पासून मालगुजारी गेली आणि बहुतेक तलाव व पडीक सरकारजमा झाले. मग गावकऱ्यांच्या वापराचे काय? त्याचे उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये आहे. कलम 161 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक तयार करायचे. निस्तार म्हणजे घरगुती गरजेपुरता वापर : चराई, जळण, लाकूड, माती, मुरूम, दगड. पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, लोकांची इच्छा विचारायची, मगच तो कायम करायचा. पुढे ग्रामपंचायतीने मागणी केल्यास त्यात बदलही करता येतो. खासगी पाण्यातल्या मासेमारीच्या, सिंचनाच्या आणि वाटेच्या चालीरीती कलम 165 खाली वाजिब-उल-अर्जमध्येच राहिल्या. सरकारी माहिती खुली असावी, असे आज आपण मोठ्या उत्साहाने म्हणतो. ती लोकांसमोर ठेवून, लोकांना विचारून पक्की करण्याची रीत संगणकाच्या कितीतरी आधी कायद्यात होती. ती किती पाळली गेली, हा प्रश्न वेगळा.

संगणक आला तो 1988-89 मध्ये. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने देशातले आठ जिल्हे निवडले. त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. अडचण यंत्रापेक्षा लिपीची जास्त होती. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो; तेव्हा 'क'ला कोणता आकडा द्यायचा हे आधी सर्वांनी मिळून ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी असे प्रमाण 1991 साली पक्के झाले. तरीही अनेक ठिकाणी ज्याचा त्याचा टंक चालूच राहिला, आणि एका यंत्रावरचे नाव दुसऱ्यावर उघडले की अगम्य चिन्हे दिसत. शिवाय एकाच माणसाला एक तलाठी 'रामचंद्र' लिही, दुसरा 'रामचंद'. आपल्या डोळ्यांना ते चालते, शोधणाऱ्या यंत्राला नाही.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने एकूण एकवीस. त्यांत सातबाऱ्याचा नंबर आधी लागला, कारण तो रकान्यांत बसतो आणि त्याला मागणी आहे : कर्जाला, विक्रीला, वाटणीला. निस्तार पत्रक कोणा एकाचे नसते. ते मागायला रांग लागत नाही. मला हा केवळ तांत्रिक क्रम वाटत नाही. एकट्याचा हक्क पडद्यावर आला, गावाचा हक्क कपाटात राहिला, तर न दिसणारा हक्क हळूहळू नसल्यात जमा होतो.

वनहक्क कायदा (2006) आल्यावर याची किंमत कळली. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या ग्रामसभेला सामूहिक हक्काचा दावा करायचा तर पुरावा हवा, आणि निस्ताराची जुनी नोंद हा त्यातला भक्कम पुरावा. उपविभागीय समितीने ग्रामसभेला वन व महसुली नकाशे पुरवावेत, असे नियमच आहेत. माहितीचा अधिकार कायदा (2005) तर कलम 4 मध्ये दप्तराची सूची करून ते संगणकावर आणायला सांगतो.

नववी-दहावीच्या मुलांना हे करून पाहता येईल. गावच्या मामा तलावाचा गट क्रमांक शोधून त्याचा सातबारा पडद्यावर काढावा. मग तहसील कार्यालयात अर्ज देऊन निस्तार पत्रकाची नक्कल मागावी आणि त्यात चराईला दाखवलेली जमीन आज कुठे आहे ते हिंडून पाहावे. पत्ता लागला नाही तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. वनहक्क नियमांनी वडीलधाऱ्यांची लेखी जबानीही पुरावा मानली आहे, मात्र ते स्वतः दावेदार नसावेत.