एज्युकेशनचं माहेर

बी.एड.च्या पहिल्याच धड्यात शिक्षणाची व्याख्या येते आणि तिच्यासोबत एक व्युत्पत्तीही. 'एज्युकेशन' हा शब्द लॅटिनमधल्या 'एदूकेरे'पासून आला, त्याचा अर्थ बाहेर काढणं, म्हणून मुलाच्या अंतरंगात दडलेलं बाहेर आणणं म्हणजे शिक्षण. हे सांगताना शिक्षकांचा आवाज उंचावतो आणि विद्यार्थी ते वहीत अधोरेखित करतात. विचार सुंदर आहे, पण या शब्दाचं घराणं त्याहून साधं आणि माझ्या मते त्याहून मोठं आहे. 'एज्युकेशन'चा सरळ वारसा 'एदुकारे' या क्रियापदाकडे जातो. एदूकेरे आणि एदुकारे या एकाच धातूच्या दोघी बहिणी, पण एदुकारेचा रोजच्या बोलण्यातला अर्थ होता मूल पोसणं, लहानाचं मोठं करणं.

या दोघींतला फरक रोमन लोकांना नीट ठाऊक होता. इसवी सनापूर्वी 116 ते 27 या काळात होऊन गेलेला विद्वान वारो याने मुलाच्या वाढीतली कामं चौघांत वाटून दाखवली आहेत. त्याच्या वाटणीत 'बाहेर काढण्याचं' क्रियापद सुईणीच्या वाट्याला येतं आणि एदुकारे दाईच्या. पुढे वळण लावायला पेडागॉग आणि सगळ्यात शेवटी शिकवायला माजिस्तेर, म्हणजे आपल्या 'मास्तर' या शब्दाचा मूळपुरुष. विद्यापीठांच्या फाटकांवर आज मिरवणारा 'एज्युकेशन' हा शब्द, असा, मास्तरकडून नव्हे तर दाईकडून आला.

पेडागॉगची कथा तर हृदयाला हात घालणारी आहे. ग्रीकमध्ये 'पाइस' म्हणजे मूल आणि 'आगोगोस' म्हणजे नेणारा. अथेन्समधल्या सुखवस्तू घरातला हा गुलाम. मुलाला शाळेत न्यायचं, त्याचं सामान वाहायचं, रस्त्यात कुणी त्रास देऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं, तास संपेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा घरी आणायचं, हे त्याचं काम. अक्षरं शिकवणारा माणूस वेगळा असे. शेतात किंवा खाणीत राबायला निरुपयोगी झालेला म्हातारा गुलाम बऱ्याचदा या कामाला लावत. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याने आपल्या आश्रयाला असलेल्या आल्किबियादिसला असाच एक थकलेला थ्रेशियन गुलाम दिल्याचा उल्लेख प्लेटोच्या नावावरच्या एका संवादात आहे. दुसऱ्या एका संवादात सॉक्रेटिस लिसिस नावाच्या मुलाला विचारतो की तुझ्यावर हुकूम कोण चालवतं, आणि स्वतंत्र घराण्यातला तो मुलगा आपल्या पेडागॉगचं नाव सांगतो. त्याच संवादाच्या शेवटी हे पेडागॉग येतात आणि मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये ओरडून मुलांना घरी चला म्हणतात. चर्चा तिथेच थांबते. मैत्री म्हणजे काय, याचा निकाल लागायचा राहूनच जातो.

बर्लिनच्या संग्रहालयात दुरिस या चित्रकाराचा, इसवी सनापूर्वी 480च्या सुमाराचा एक प्याला आहे. त्यावर शाळेचं चित्र आहे: कुणी वीणेसारखं वाद्य शिकतंय, कुणी उभं राहून पाठ म्हणतंय, आणि एका बाजूला काठी घेतलेला एक दाढीवाला बसला आहे. अभ्यासक सहसा त्याला पेडागॉग मानतात. पुढे इंग्रजीत हा शब्द शाळामास्तरालाच चिकटला आणि त्याच्या पोटी 'पेडागॉजी' हे शास्त्र जन्मलं. त्यातला गुलाम मात्र कुणाच्या लक्षात राहिला नाही.

ट्यूटरचंही तसंच. रोमन कायद्यात तो शिकवणारा नव्हता, बाप गेलेल्या अल्पवयीन मुलाचा पालक होता. त्याने सांभाळायचं ते पोरकं मूल म्हणजे 'प्युपिल'. स्कॉटलंडच्या कायद्याने हा अर्थ 1991पर्यंत जपला. तिथे 12 वर्षांखालची मुलगी आणि 14 वर्षांखालचा मुलगा कायद्याच्या भाषेत प्युपिल असत आणि त्यांचा पालक ट्यूटर. डोळ्यातल्या प्युपिलचंही मूळ हेच. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते, म्हणून लॅटिन माणसाने तिला छोटी बाहुली म्हटलं. मराठी माणसानेही तिला बाहुलीच म्हटलं. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या फलकावरचा 'अॅल्युम्नाय' हा शब्दही पोसण्याच्याच धातूचा आहे. रोममध्ये अलुम्नुस म्हणजे दुसऱ्याच्या घरी वाढलेलं मूल.

शिक्षणाचे एवढे शब्द सांभाळण्यातून निघाले, हा योगायोग मला वाटत नाही. मूल आधी शाळेपर्यंत पोचावं लागतं, आणि पोचल्यावर त्याच्या पोटात काहीतरी असावं लागतं. हे आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना आणि अनुताई वाघांना पुरतं कळलं होतं. 1945मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीकडे येत नाहीत. मग बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. मुलांना बोलावून आणणं, आंघोळ घालणं, केस विंचरणं, खाऊ देणं हाही तिथे शिक्षणाचाच भाग होता. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळाही निघाली.

2 ऑक्टोबर 1975ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तिथली मदतनीस आजही सकाळी घरोघर जाऊन मुलांना गोळा करते, आहार शिजवते, वाढते. वारोच्या दाईचं आणि अथेन्समधल्या पेडागॉगचं काम ती एकटी करते. तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. सरकारच्या लेखी ती मानसेवी. मानधन वाढावं, पेन्शन मिळावी म्हणून 2023च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना बेमुदत संपावर जावं लागलं. त्याआधी, 2022च्या एप्रिलमध्ये, गुजरातमधल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आणि ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं त्यांचं मानधन हे वेतनच आहे.