माशांच्या टाकीखालचं टेबल

१९९८ सालचा एप्रिल. बोदवडच्या घरी रात्री कधीतरी बाहेरच्या खोलीत 'टक्' असा आवाज झाला. मांजर असेल म्हणून आम्ही सगळे कूस बदलून झोपलो. पहाटे आई उठली तेव्हा तिचा पाय ओल्या फरशीवर पडला. भुसावळहून हौसेने आणलेल्या माझ्या माशांच्या टाकीचा तळ तडकला होता. चारपैकी एकच गोल्डफिश खड्यांमध्ये उरलेल्या बोटभर पाण्यात तडफडत होता. आईला माशांचं वाईट वाटलंच, पण तोंडून आधी निघालं ते, "शंभर लिटर पाणी गेलं रे!" उन्हाळ्यातलं बोदवड ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरीच वर्षं मी दोष काचेला देत होतो. माशांच्या टाकीचा इतिहास सहज म्हणून वाचायला घेतला तेव्हा खरा गुन्हेगार सापडला. तो म्हणजे टाकीखालचं टेबल.

घरात मासे पाळण्याची हौस फार जुनी. चीनमध्ये गोल्डफिश चिनी मातीच्या मोठ्या भांड्यांत ठेवत आणि वरून वाकून बघत. काचेआडून मासा बघायची गोष्ट त्यामानाने कालपरवाची. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच टाकीत कशा टिकतात ते मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत टाक्यांची साथच पसरली.

त्या टाक्या कशा होत्या ते महत्त्वाचं. लोखंडी चौकट, बऱ्याचदा पाटीच्या दगडाचा तळ, आणि फटींत लुकण. उचलायला दोन-तीन गडी लागावेत अशी वजनदार वस्तू. पण चौकट मजबूत. टेबलात थोडी खोट असली तरी चौकट ती सोसायची, काचेपर्यंत पोचू द्यायची नाही.

आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. आमच्याकडची मंडळी मुंबईला गेली की राणीची बाग, गेटवे आणि तारापोरवाला असा ठरलेला फेरा करून यायची. मीही लहानपणी वडिलांचं बोट धरून तो केला. माझ्या डोक्यात मासा शिरला तो तिथेच.

मग १९६० च्या दशकात सिलिकॉनचा चिकट लेप आला. काचेला काच नुसती चिकटवून टाकी होऊ लागली. स्वस्त, हलकी, सगळ्या बाजूंनी स्वच्छ दिसणारी. चौकट गेली. पण चौकट जे काम करत होती ते काही गेलं नाही, ते गुपचूप खालच्या टेबलाच्या गळ्यात पडलं. माझ्यासारख्यांना हे कुणी सांगितलंच नाही.

आता हिशेब बघा. ३ फूट लांब, १ फूट रुंद, १५ इंच उंच टाकीत काठोकाठ साधारण १०६ लिटर पाणी मावतं, म्हणजे १०६ किलो. ६ मिलिमीटर काचेचे १८ किलो, खड्यांचे १५. एकूण १४० च्या घरात. दोन धडधाकट माणसं रात्रंदिवस टेबलावर बसून आहेत आणि उठतच नाहीत! माझं टेबल होतं दादाचं जुनं अभ्यासाचं. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्यात आमच्या बाहेरच्या खोलीच्या शहाबादी फरशीला दाराकडे ढाळ, धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून मिस्तरीने मुद्दाम दिलेला. तीन पायांची तिवई कुठेही टेकते; चार पायांचं टेबल एका पायाने अधांतरी राहतं. टाकी जराशी कलली म्हणून काच लगेच तडकत नाही. पण टेबलच पिळवटलं किंवा तळाखाली एखादं खिळ्याचं डोकं आलं, तर भार एका जागी येतो आणि काच दगा देते.

२००६ मध्ये पुन्हा हौस उफाळली तेव्हा आधी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला, वर जाड प्लायवूड. ओळखीच्या मिस्तरीने पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची पातळी काढली. पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवले. हे तुकडे स्टँडच्या पायाखालीच घालायचे, टाकीच्या खाली कधीच नाही. टाकीखाली फक्त थर्माकोलचा एक सपाट तुकडा. तो बारीकसारीक उंचवटे पोटात घेतो, वाकडा स्टँड सरळ करत नाही. अर्धी टाकी भरून एक दिवस थांबलो, पुन्हा नळी लावली, मग बाकीचं पाणी.

आईची परवानगी तेवढ्याने मिळाली नव्हती. दर आठवड्याला टाकीतून काढायचं दोन बादल्या पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला जाईल, या अटीवर ती तयार झाली. कढीपत्ता पुढे छपराला टेकला.