मोहाची भट्टी आणि भांड्याचा धातू

१/ पेंच नदीच्या खोऱ्यातील पारशिवनी तालुका (जि. नागपूर) हा मोहाच्या झाडांचा प्रदेश. मार्च-एप्रिलमध्ये फुले गळतात, वाळवली जातात, आंबवून त्यांची दारू गाळली जाते. या दारूचा इतिहास फुलांच्या किंवा कायद्याच्या अंगाने सांगितला जातो. हा थ्रेड आहे तिच्या भांड्याविषयी.

२/ जुनी भट्टी मातीची. खाली सडव्याचे, म्हणजे आंबलेल्या फुलांचे मडके. वर थंड पाण्याचे भांडे. सांधे ओल्या मातीने लिंपलेले. मडके फुटले की कुंभाराकडून नवे आणावयाचे. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता.

३/ धातूचे भांडे महाग, म्हणून ते दुरुस्त करून वापरावे लागते. तांब्यात आंबट पदार्थ कळकतो आणि विषारी होतो. यावर उपाय कल्हईचा: भांडे तापवून, नवसागराने स्वच्छ करून, आतून कथलाचा पातळ थर चढवणे.

४/ छिद्र पडल्यास डाख लावतात. डाख म्हणजे बहुधा कथील आणि शिसे यांचे मिश्रण. खरी मेख येथेच आहे. आंबट द्रवात शिसे हळूहळू उतरते. त्याला ना वास, ना ओळखू येणारी चव.

५/ १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. दारू गाळण्याचा हक्क लिलावाने ठेकेदारांकडे जाऊ लागला. १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने परवान्याविना दारू गाळणे तर गुन्हा ठरवलेच. त्यासाठी भांडी बाळगणेही गुन्हा ठरले.

६/ याचा परिणाम धातूवर झाला. छाप्यात केव्हाही जप्त होऊ शकणाऱ्या भांड्यासाठी तांबे आणि कल्हई यांचा खर्च कोण करणार? मग रॉकेलचे रिकामे डबे आणि भंगारातील ड्रम स्वस्त पडतात. डब्याच्या सांध्यांत शिशाचा डाख, तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर. आंबट सडव्यात दोन्ही विरघळतात.

७/ हे केवळ विदर्भापुरते नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात आणि त्यानंतरही चोरट्या भट्ट्यांत मोटारींचे जुने रेडिएटर वाफ थंड करण्यासाठी वापरले गेले. त्यांच्या डाखातील शिशाने अनेकांना विषबाधा झाली.

८/ १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. त्याच्या कलम ६५ मध्येही दारू गाळण्यासाठी भांडी व साधने बाळगणे हा गुन्हा आहे. आजही छाप्यांच्या बातम्यांत सडव्यासोबत ड्रम नष्ट केल्याचा उल्लेख असतो.

९/ शहरांतील परवानाधारक बिअर-निर्मितीत स्टेनलेस स्टीलची पिंपे वापरतात. पिंप चिरले तर आर्गॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग होते आणि आतला सांधा गुळगुळीत केला जातो, कारण खाचेत जंतू वाढतात. पेयाला स्पर्श करणारा पृष्ठभाग निर्धोक हवा, हे सूत्र कल्हईवाल्यालाही ठाऊक होते.

१०/ कायद्याने भट्टी जंगलात लपवली, तेव्हा ती कारागिराच्या नजरेआडही गेली. दारू गाळणे चालूच राहिले. भांडे पारखणारा हात मात्र तिथवर पोहोचेनासा झाला. त्याची किंमत पिणाऱ्याच्या शरीराने मोजली. (समाप्त)