बावची, पोलादी गोळा आणि सोरायसिस

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. नदीपलीकडे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारले. पण अंगावर खवले धरणारा प्रत्येक जण कुष्ठरोगी नसतो. सोरायसिस संसर्गजन्य नाही. तरी त्याच्या रुग्णाकडे लोक त्याच नजरेने पाहतात. युरोपातही हे दोन आजार शतकानुशतके एकमेकांत मिसळलेले होते. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये ते स्पष्टपणे वेगळे केले. कलंकाच्या धास्तीने माणूस मिळेल तो उपाय धरतो. म्हणून उपायांचाही इतिहास तपासायला हवा.

दाबाखालच्या हवेचा उपाय जुना आहे. सतराव्या शतकात हेन्शॉ या इंग्रज वैद्याने भात्याने हवा भरायच्या बंद खोलीची कल्पना मांडली. १९२८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. कनिंगहॅम यांच्यासाठी ६४ फूट व्यासाचा पोलादी गोळा उभा राहिला. त्यात मधुमेहापासून कर्करोगापर्यंत उपचार चालत. तिथल्या वैद्यक संघटनेने पुरावे मागितले. ते कधीच मिळाले नाहीत. गोळा अखेर भंगारात गेला.

१९६० मध्ये ॲमस्टरडॅमच्या बूरेमा यांनी दाखवले, की दाबाखाली प्राणवायू रक्तद्रवात इतका विरघळतो, की तांबड्या पेशी जवळजवळ नसतानाही डुकरे जगतात. आता कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, पाणबुड्यांचा दाबविकार, मधुमेहींच्या काही चिघळलेल्या जखमा यांत हा उपचार मान्य आहे. सोरायसिसचे काय? २००९ मध्ये छापून आलेल्या एका वृत्तांतात गुण आलेले रुग्ण होते दोन.

याउलट बावची. आयुर्वेदात ती त्वचारोगांवर पूर्वीपासून आहे. तिच्या बियांतून भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये सोरालेन वेगळे केले. त्याच कुळातले औषध आणि अतिनील किरण यांचा ‘पुवा’ उपचार १९७४ मध्ये सोरायसिसवर गुणकारी ठरला. पुढे १३८० रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही त्याच नोंदींतून कळले.

फरक इथेच आहे. एका उपचाराचे गुण आणि दोष दोन्ही मोजले गेले. दुसऱ्याचे, निदान या आजारापुरते, अजून नाहीत. प्राणवायूची पेटी खोटी नाही, पण दोन रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, फक्त सुरुवात. मजुरी बुडवून, कापसाचे पैसे खिशात घालून शहराची गाडी धरणाऱ्याने आधी विचारावे: किती जणांना दिले, किती वर्षे पाहिले, आणि कोणाशी ताडून?