टाके काढल्यानंतर

कोल्हापुरात भोजराजा म्हटलं की पन्हाळ्याचा शिलाहार भोज आठवतो. डोक्याच्या ऑपरेशनची गोष्ट मात्र धारच्या भोजाची. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त दोन वैद्य त्याला चूर्ण देऊन बेशुद्ध करतात, कवटी उघडून आतले मासे काढतात, ती पुन्हा सांधतात आणि संजीवनीनं त्याला उठवतात. राजा उठला, गोष्ट संपली! उठल्यावर त्याला आंघोळ कोणी घातली? इतिहास शिकवण्यात हयात गेली, तरी हा प्रश्न मला पडला तो कवटीला भोक पाडून माझं साकळलेलं रक्त काढल्यावरच.

आमच्या भागात दुखणं हाताबाहेर गेलं की माणसाला मिरजेला हलवायचे. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891ची, मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचं मिरजेचं हॉस्पिटल 1894चं. मेंदूचं काम फार पुढचं. डॉ. जेकब चांदी यांनी वेल्लोरला त्याचा विभाग सुरू केला तो 1949मध्ये, आणि सीटी स्कॅन 1971 नंतरचा. आता कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाच्या हॉस्पिटलातही मेंदूची ऑपरेशनं होतात. पण असा रोगी घरी सांभाळायचा कसा, हे आमच्या पेठेला वाडवडिलांकडून मिळालेलं नाही.

मिळालं ते तालमीचं शास्त्र. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि अंग मोडलं तर काय करायचं हे इथं गल्लीगल्लीत ठाऊक झालं. मर्दन, थंडाई, तूप, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, पांढरा रस्सा. हे सगळं माझ्या खाटेपाशी आलं. शेजारचे वस्ताद तर तेलाची वाटी घेऊनच आले. “गुरुजी, मान जरा सैल करतो की.”

“मानेला हात लावायचा नाही, वस्ताद,” बायको दारातूनच म्हणाली. दूध तिनं उकळूनच दिलं. भाच्याच्या लग्नात फेटा बांधायचा हट्ट मीच धरला होता, तोही तिनं मोडला.

तालमीत दमलेल्या गड्याला आणखी चार जोर मारायला लावतात. इथं उलटं. दमणूक आली की थांबायचं, आणि ती पेपरातला एक मथळा वाचूनही येते. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, उशाला उंची हवी, फिटच्या गोळ्या घड्याळ लावून. फुटबॉलची मॅच जिंकल्यावर उडणारे फटाके कवटीच्या आतच फुटतात असं वाटे. मला पटलं ते वस्तादांचं एकच: नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर बैठका देत नाहीत. म्हणून आधी दारापर्यंत, मग नळापर्यंत चालणं.

तेव्हा पेठेतल्या मंडळींना विनंती. डोक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जरूर या, पण आधी फोन करा, एकेकटे या, हळू बोला आणि तेलाची वाटी घरीच ठेवा. घरच्या बाईला मात्र तासभर झोपू द्या. तेवढा वेळ तुम्ही बसा.